पाण्याची हाक

हसनाबादहून आमच्या वस्तीकडे येणाऱ्या रस्त्याला, लिंबाच्या दोन झाडांपाशी, सिमेंटचा एक लांबट हौद आहे. दुपारी वीज आली की बोअरचं पाणी त्यात पडतं. मी नोकरीत होते तेव्हा वर्गाच्या खिडकीतून तो हौद दिसायचा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर केव्हातरी बायनाबाईची हाक ऐकू यायची. आधी जिभेची थरथर, हिर्रर्र, आणि मग घशाच्या तळापासून वर चढत जाणारा लांब सूर, याऽऽ याऽऽ. कागदावर ती हाक नीट उतरत नाही. पाढे म्हणणारी पोरं तेवढ्यापुरती थांबायची. माळावर पांगलेल्या मेंढ्या माना वर करायच्या, आणि कुणी दोरी ओढावी तशा हौदाकडे निघायच्या.

बायनाबाई उंच, सडसडीत, चालताना उजवा पाय जरा ओढणारी. नवरा राधाकिसन जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी अंजू अंकुशनगरला दिलेली, तिथं उसाच्या कामावर जाते. मागं उरल्या तीसेक मेंढ्या. रस्त्याच्या एका बाजूला पडीक माळ, दुसऱ्या बाजूला लोकांचा हरभरा. धावायला गुडघा साथ देत नव्हता. पण कोणाच्या शेतात तिची मेंढी शिरली, असं भांडण मी कधी ऐकलं नाही. हौदाच्या वाटेवर मेंढी वाकडी वळली की पुन्हा हाक जायची आणि मेंढी सरळ व्हायची.

माणसांशी मात्र ती कमी बोले. दिवसचे दिवस तिच्याशी कोणी बोलत नसावं, आणि तिला त्याची सवय झाली होती. मेंढ्यांशी तेवढं बोलणं चाले. रस्त्यानं जाताना मी लांबून पाहायची, तिचे ओठ हलत असायचे.

गेल्या माघात ती एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली. पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला. चहा अर्धा झाल्यावर तिनं पदर सैल केला. गळ्याला एका बाजूला लिंबाएवढी गाठ होती.

"जालन्याला दाखवली. डाक्टर म्हनले, काढावीच लागती. आवाजाच्या नसला चिकटून बसलीय. काढल्यावर आवाज ऱ्हाईल का जाईल, सांगता येत न्हाई म्हनले. गेला तर फुसफुस उरंल."

"अंजू काय म्हणते?"

"ती म्हनती, माय, मेंढ्या इक अन् इकडं ये. घर हाय, नळ हाय, टीव्ही हाय. म्या म्हनलं, अन् बोलू कोनाला, टीव्हीला? तर म्हनती, माझ्याशी बोल. आता ती पहाटंच उसात जाती, दिवस बुडल्यावर येती, जेवती अन् पडती. तिच्याशी कवा बोलू?"

शेवटी मायलेकींची बोली झाली होती. ऑपरेशन होऊ द्यायचं. नंतर मेंढ्या हाकेला आल्या तर बायनाबाई इथंच राहील आणि अंजू पुन्हा विषय काढणार नाही. आल्या नाहीत, तर मेंढ्या विकायच्या आणि अंकुशनगर गाठायचं.

"आवाजच गेला तर हाकेला कशा येतील?" मी विचारलं.

"त्याच्यासाठीच आल्ते." तिनं कपबशी बाजूला ठेवली. "त्या रोगाच्या साली शाळा बंद व्हत्या, तवा तुम्ही घरी बसायच्या अन् तुमचा आवाज देवळावरच्या भोंग्यातून यायचा. तसा माझा ठिवून देता येईल का?"

खरं होतं. लॉकडाउनमध्ये मी धडे वाचून एका छोट्या रेकॉर्डरवर घ्यायची आणि पुजारी ते भोंग्यावर लावायचे. पोरं आपापल्या ओट्यावर बसून ऐकायची. तो रेकॉर्डर साबणाच्या वडीएवढा आहे. कपाटात होता. त्याच्यासोबत कपड्याला चिमट्यानं लावायचा एक बारीक माइकही आला होता. घरात वाचताना त्याची गरज पडली नव्हती, तो वायरीसकट डब्यात तसाच होता.

मी रेकॉर्डर आणला, सेल घातले, बटण दाबलं. "मारा हाक," म्हटलं.

बायनाबाईनं इकडंतिकडं पाहिलं.

"चालू आहे. मारा."

"पानी कुठंय?"

"पाण्याचं काय करायचंय? नुसती हाक मारायची."

"नुसती हाक मारीत न्हाईत, मास्तरीणबाई."

मग तिनं सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं, की पाण्याची हाक मारली की पाणी दाखवायचंच. खोटी हाक एकदा मारली की मुकं जनावर ती विसरत नाही.

"अहो, पण इथं मेंढ्या कुठं आहेत? ऐकणार कोण?"

"मला ऐकू येईल की," ती म्हणाली.

मी बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी हौदावरच रेकॉर्ड करायचं ठरलं. थंडीच्या दिवसांत मेंढ्या दिवसातून एकदाच पाण्यावर येतात, म्हणजे रोज एकच हाक मिळणार होती. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन होतं आणि आदल्या दिवशी दाखल व्हायचं होतं.

माळावर त्या दिवसांत वारा असतो. रेकॉर्डरच्या अंगच्या माइकवर वारा कसा फडफडतो ते मला माहीत होतं, म्हणून मी बारका माइक सोबत घेतला. त्याच्या टोकाला स्पंजाची काळी टोपी बसवली.

"माइकलाबी टोपरं?" बायनाबाईनं विचारलं.

तिची धाकटी जाऊ नंदाबाई धुणं घेऊन तिथं आली होती. तिला सगळ्याची गंमत वाटत होती. "कशाला येवढा खटाटोप, जाऊबाई? आवाज गेला तर ताट वाजवा."

"ताट वाजवल्यावर तू येशील जेवाया. मेंढ्या न्हाई यायच्या."

मी माइकचा चिमटा बायनाबाईच्या पदराच्या घडीला, छातीपाशी लावला. ओठांजवळ नको होता, तिची हाक मोठी, आवाज फाटला असता. वायर पदराखालून नेऊन रेकॉर्डर कमरेला खोचला. रेकॉर्डरच्या कडेला सारखीच दोन भोकं आहेत. वरची अक्षरं केव्हाच पुसली गेलीत. मी एकात पिन घातली, बटण दाबलं. पडद्यावरच्या बारीक रेघा बोलण्याबरोबर वरखाली होत होत्या, म्हणून निश्चिंत झाले.

हौदात पाणी पडायला लागलं. बायनाबाईनं हात धुतले, पाण्याकडे एकदा पाहिलं आणि हाक मारली. मेंढ्या आल्या.

संध्याकाळी घरी ऐकलं तर वाऱ्याची फडफड आणि लुगड्याची खसफस. हाक त्याच्या मागं कुठंतरी, विहिरीतून यावी तशी. माइकची पिन मी ऐकायच्या भोकात घातली होती. ते भोक कानाला लावायच्या हेडफोनसाठी असतं. माइकचं भोक रिकामं, म्हणून रेकॉर्डर आपल्या अंगच्या माइकनंच ऐकत राहिला, तोही कमरेला कापडात गुंडाळलेला. रेघा हलत होत्या त्या त्यामुळे.

पिन दुसऱ्या भोकात घातली, टक् असा आवाज येईपर्यंत दाबली, आणि एक जुना धडा वाचून पाहिला. आता रेघा हलेचनात. बाहेरचा माइक लागला म्हणून आतला बंद झाला, आणि बाहेरचा मुका. बऱ्याच वेळानं कळलं, की या बारक्या माइकला स्वतःचा सेल नसतो. त्याला वीज रेकॉर्डरनं पुरवायची असते आणि ती सोय रेकॉर्डरच्या पडद्यावरच्या यादीत शोधून चालू करावी लागते. चालू केली तसा माझाच श्वास स्वच्छ ऐकू आला. ऐकायच्या भोकाभोवती मी तांबडा दोरा चिकटवून टाकला, पुन्हा चूक नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी शनिवारी मी वेळेवर हौदावर गेले, तर वीजच नव्हती. तळाशी शेवाळलेला ओलावा तेवढा. मेंढ्या माळावर लांब दिसत होत्या. आम्ही दोघी लिंबाखाली बसून राहिलो.

"एक दिवस तेवढी हाक मारा," मी म्हटलं. "नंतर नंदाबाईंकडून घागरीनं आणू पाणी."

"तीस जनावरांला घागरीनं?" ती हसली. मग म्हणाली, "लाइट न्हाई तर पानी न्हाई. पानी न्हाई तर हाक न्हाई. उद्या बगू."

उद्या म्हणजे रविवार. शेवटचा दिवस. ते तिलाही कळत होतं. उन्हं कलल्यावर ती काठी घेऊन उठली आणि पाय ओढत मेंढ्यांना ओढ्यावर घेऊन गेली.

रविवारी वीज आली, पण फार उशिरा. मी माइक लावला, पिन टक् करून बसवली, आणि तांबड्या दोऱ्याच्या भोकात हेडफोन घालून कानांवर चढवले. हेडफोनची वायर आखूड. बायनाबाईपासून हातभर अंतरावर, दावणीला बांधल्यासारखी मी उभी.

कानात तिचा श्वास येत होता. पाणी पडायला लागलं तसा तो जरा थांबला. मग हाक.

इतकी वर्षं ती मी खिडकीतून ऐकली होती. आता ती माझ्या डोक्याच्या आत उठली. सुरुवातीच्या थरथरीत एक छोटा खोकला अडकला होता, तो गिळून सूर वर चढला. मेंढ्या आल्या, हौदाला भिडल्या. एकच मागं राहिली. ती मोरी, कळपातली सगळ्यांत म्हातारी, पोटात कोकरू वागवणारी. बायनाबाईनं तिच्यासाठी पुन्हा सूर लावला, "ये गं मोरी, तुझ्यासाठी थांबलेय, याऽऽ." मोरी आली.

मी बटणाकडे हात नेला, आणि तेवढ्यात कानात तिचं बोलणं सुरू झालं. हातभर अंतरावरून नुसत्या कानानं मला ते ऐकू आलं नसतं. ओठांतल्या ओठांत चाललं होतं.

"पे, पे, सावकाश. मी उद्या जाऊन राह्यले बरं का. नंदाचं ऐका. तिला तरास दिऊ नका... मला लई भ्याव वाटून राह्यलं गं."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "झालं का बराबर?"

"बिलकुल बराबर झालं," मी म्हटलं, आणि बटण दाबलं.

गाठ निघाली. घातक नव्हती. आवाज मात्र गेला. तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी फाल्गुनात ती परत आली आणि माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, तेव्हा मला ते लागलं. वाळक्या पानांवरून कोणी चालावं तसा आवाज. समोर बसलं तरच कळायचं. ती गेल्यापासून नंदाबाईनं मेंढ्या वाड्यातच कोंडून कडबा-पाला घातला होता. "लई वरडत्यात," ती मला म्हणाली. "म्या बोलले की माझ्याकडं बगतबी न्हाईत."

मेंढ्या बाहेर काढायच्या दिवशी अंजू अंकुशनगरहून आली. तिनं आईसाठी नवी पिशवी आणली होती, कपडे भरून न्यायला. मी रेकॉर्डर आणि सेलवर चालणारा डबीएवढा स्पीकर घेऊन गेले. तांबड्या दोऱ्याच्या भोकातून स्पीकरची वायर जोडली. नंदाबाईनं मेंढ्या नेऊन माळाच्या पार टोकाला सोडल्या. हौद भरत होता.

बायनाबाईनं आधी स्वतः हाक मारून पाहिली. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, वारा तेवढा बाहेर आला. जवळच्या झाडावरची चिमणीसुद्धा उडाली नाही. ती माझ्याकडे वळली आणि तिनं मान हलवली.

मी बटण दाबलं.

थरथर, छोटा खोकला, सूर. माळावर माना वर झाल्या. थोडा वेळ कोणीच हललं नाही. अंजूनं माझा हात धरला होता, आणि तिला काय व्हावंसं वाटत होतं ते तिच्या चेहऱ्यावरून मला सांगता येईना. मग एक निघाली, तिच्यामागं दुसरी, आणि सगळा कळप धूळ उडवत आला.

आला तो माझ्याकडे. स्पीकर माझ्या हातात होता. मेंढ्या माझ्या साडीला अंग घासू लागल्या, हातातल्या डबीला तोंड लावू लागल्या. बायनाबाई हौदाच्या पलीकडे बादली घेऊन उभी होती. ती ओठ हलवून त्यांना बोलावत होती. एकीनंही मागं वळून पाहिलं नाही.

रेकॉर्डर चालूच होता. मोरीसाठीची हाक झाली. मोरी आली. आणि मला बंद करायचं सुचायच्या आत स्पीकरमधून ते बोलणं सुरू झालं. "पे, पे, सावकाश... मला लई भ्याव वाटून राह्यलं गं."

अंजूनं हात सोडला.

"माय, मी रोज फोन करत व्हते. तू म्हनायची, काई न्हाई, बरी हाय. मला न्हाई सांगितलंस हे."

बायनाबाई काहीतरी म्हणाली. अंजूला ते ऐकायला हौदाला वळसा घालून जवळ जावं लागलं. तिनं कान आईच्या तोंडाशी नेला.

"काय म्हनली?" मेंढ्यांमागून आलेल्या नंदाबाईनं विचारलं.

"तू लांब व्हतीस, म्हनली."

मग बायनाबाई माझ्याकडे आली. माझ्या हातातून स्पीकर घेतला, त्याची दोरी गळ्यात अडकवली आणि डबी पदराखाली घेतली. ऑपरेशनची खूण अजून तांबडी होती, डबी तिच्या थोडी खाली आली. "परत," ती कुजबुजली. मी पुन्हा लावलं. मेंढ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. तिनं एकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

अंजू संध्याकाळच्या गाडीनं रिकामी पिशवी घेऊन परत गेली. बोली झाली होती, ती तिनं पाळली. जाताना आईला एवढंच म्हणाली, "मला बी फोनवर ऐकीव कवातरी."

मी रेकॉर्डर आणि स्पीकर बायनाबाईकडेच ठेवले आणि तिला बटण कोणतं ते शिकवलं. शेवटचं बोलणं काढून टाकू का, असंही विचारलं. तिनं नको म्हटलं. मेंढ्यांना हाकेनंतर बोलणं ऐकायची सवय आहे, नुसती हाक त्यांना अर्धीच वाटेल.

रोज दुपारी ती हाक पुन्हा वस्तीवर येऊ लागली. लांबून ऐकणाऱ्याला काही फरक वाटला नसता. मला वाटायचा. पूर्वी पाण्याला उशीर झाला की हाक चिडकी असायची, आभाळ असलं की घाईची, कधी उगाच खेळकर. आता खोकला रोज त्याच जागी. सूर रोज तेवढाच लांब. आणि वीज असो, उशीर असो, सणवार असो, रोज ती उद्या जाऊन राह्यली होती आणि रोज तिला भ्याव वाटत होतं.

चैत्रात मोरी व्याली, कोकरू उभं राहिलं, आणि दोनच दिवसांत मोरी गेली. त्यानंतर हाक बंद झाली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मला वाटलं सेल संपले, म्हणून नवे घेऊन हौदावर गेले. तर बायनाबाई उन्हात काठी घेऊन, पाय ओढत, एकेका मेंढीला वळवून आणत होती. एकीला वळवलं की दुसरी पांगायची. घामानं तिचा पदर भिजला होता.

"बिघडला का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मला जवळ बोलावलं. तिच्या ओठांशी कान नेला तेव्हा कळलं.

"त्याच्यात मोरीला हाक हाय. मोरी कुठंय आता? खोटी हाक व्हईल."

मी म्हटलं, घरी नेते, मोरीचं नाव तेवढं कापते. त्या संध्याकाळी ऐकून पाहिलं. "ये गं मोरी" आणि शेवटचा याऽऽ एका श्वासात होते. कुठंही कापलं तरी सूर तुटत होता. नवा घ्यायला आता आवाज नव्हता. मी रेकॉर्डर तसाच परत नेऊन दिला आणि जमत नाही म्हणून सांगितलं. तिनं तो हातात घेतला आणि पदराखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली. मी हातातलं काम टाकून गेले. मेंढ्या हौदाला लागल्या होत्या. बायनाबाईच्या मांडीवर मोरीचं कोकरू होतं, ती त्याला बोटानं पाणी चाटवत होती. स्पीकरमधून मोरीची हाक आली तशी तिनं कोकराचं तोंड डबीकडे वळवलं. मी समोर बसले.

"हिचं नाव मोरी ठिवलं," ती कुजबुजली.

आता वैशाख चाललाय. कोकरू वाढलंय, आणि माळावर कुठंही असलं तरी आपली हाक ओळखतं. सगळ्या मेंढ्या आल्यावर मागून एकटंच उड्या मारत येतं. बायनाबाईचा खरा आवाज त्यानं कधी ऐकलेला नाही. परवा मी हौदावर होते तेव्हा ते आलं, आणि तिच्या पदराखालच्या डबीला डोक्यानं ढुशा देऊ लागलं. बायनाबाई वाकून त्याच्या कानाशी काहीतरी म्हणत होती. कोकराचे कान डबीकडे लागलेले होते. ती तशीच वाकून बोलत राहिली.